नेतोजींचं प्रायश्चित्त, गडकऱ्यांचा पुतळा

जेधे शकावली हा मराठ्यांच्या इतिहासाचा भरवशाचा, पण फार मोजकं बोलणारा साक्षीदार आहे. शके १५९८ च्या आषाढात, म्हणजे १६७६ च्या जून महिन्यात, नेतोजी पालकर प्रायश्चित्त घेऊन शुद्ध झाले, एवढीच नोंद ती करते. ना कारण, ना वर्णन. राजधानी तेव्हा रायगडावर होती; महाडच्या बाजारपेठेपासून पंचवीसेक किलोमीटरवर, पाचाडच्या डोक्यावर. या एका ओळीच्या मागे दहा वर्षांची कथा आहे. एखाद्या गाजलेल्या माणसाने मोठा अपराध केला तर त्याचं पुढे काय करायचं, या प्रश्नाला या मुलखाने दिलेलं पहिलं ठळक उत्तरही तिथेच आहे.

नेतोजी साधेसुधे सरदार नव्हते. लोक त्यांना ‘प्रतिशिवाजी’ म्हणत. १६६६ च्या जानेवारीत पन्हाळ्यावरच्या हल्ल्याच्या वेळी ते वेळेवर पोचले नाहीत, मोहीम फसली आणि शिवाजी महाराजांनी त्यांना सरनोबतीवरून, म्हणजे सेनापतिपदावरून, दूर केलं. दुखावलेले नेतोजी विजापूरकरांकडे गेले. तिथून मिर्झाराजे जयसिंगांनी त्यांना मोगलांकडे ओढलं. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने नेतोजींना कैद करवलं, धर्म बदलायला लावला, महंमद कुलीखान हे नाव दिलं आणि पार काबूलच्या बाजूला धाडलं. पुढे दिलेरखानाबरोबर दख्खनेत आल्यावर ते स्वराज्यात परतले.

शत्रूच्या गोटात दहा वर्षं काढलेल्या माणसाला महाराजांनी दारातून परत पाठवलं नाही. मात्र काहीच घडलं नाही असंही कुणी मानलं नाही. प्रायश्चित्ताचा विधी झाला, सर्वांना ठाऊक होईल असा झाला, आणि त्याची नोंद झाली. नेतोजींना घर मिळालं, जात मिळाली, माणसं मिळाली. सरनोबती मात्र परत मिळाली नाही. ती हंबीरराव मोहित्यांकडेच राहिली. क्षमा आणि पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे १६७६ च्या रायगडाला नीट कळत होतं. आज एखाद्या नटाच्या, गायकाच्या, दिग्दर्शकाच्या जुन्या दुष्कृत्यावरून वाद पेटतो तेव्हा नेमका हाच फरक हरवतो. एक बाजू म्हणते, मोठा कलावंत आहे, विसरून जा. दुसरी म्हणते, नावच पुसून टाका. माणसाला माफ करावं आणि तरीही त्याचा जुना मंच त्याला देऊ नये, ही तिसरी वाट असते. ती कठीण आहे, म्हणूनच तिच्याकडे कुणी फारसं वळत नाही.

वाळीत टाकण्याची रीत या भागाला परकी नाही. रायगड जिल्ह्यातल्या कित्येक गावांत गावकीने एखाद्या कुटुंबाशी बोलणं-चालणं, देणं-घेणं, लग्नकार्याला जाणं बंद केल्याची प्रकरणं अगदी अलीकडेपर्यंत पोलिसांत गेली. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि २०१७ पासून तो लागू झाला, त्यामागे इथल्या तक्रारींचा मोठा वाटा होता. त्या तक्रारींतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. बहिष्काराचं हत्यार अपराध्यापेक्षा दुबळ्यावर जास्त चालतं. ज्याच्यामागे पैसा आणि माणसं आहेत त्याला गावकी सहसा हात लावत नाही. नामवंतांच्या बाबतीतही वेगळं काही घडत नाही; तिकीटबारी भरवणाऱ्याला प्रेक्षक लवकर माफ करतात आणि पडद्यामागच्या सामान्य कलावंताचं काम मात्र कायमचं सुटतं.

रायगडाच्या पुढच्या पिढीत क्षमेचा प्रश्न आणखी अवघड झाला. १६७८ च्या डिसेंबरात युवराज संभाजीराजे वडिलांना सोडून दिलेरखानाच्या छावणीत गेले. पुढच्या वर्षी मोगलांनी भूपाळगड घेतला. किल्ला फिरंगोजी नरसाळ्यांकडे होता, आणि तो घेताना संभाजीराजे मोगल फौजेत होते. गडावरच्या सातशे माणसांचा एकेक हात दिलेरखानाने तोडला. ही माणसं संभाजीराजांच्या वडिलांची होती. वर्षअखेरीस संभाजीराजे पन्हाळ्याला परतले, पितापुत्रांची भेट झाली. ज्यांचे हात तुटले त्यांना त्या भेटीबद्दल काय वाटलं, ते कुठल्याच बखरीत नाही.

एप्रिल १६८० मध्ये रायगडावर महाराजांचं निधन झालं. अण्णाजी दत्तो आणि इतर कारभाऱ्यांनी धाकटे पुत्र राजाराम यांना मंचकावर बसवलं. हंबीरराव संभाजीराजांच्या बाजूला उभे राहिले आणि तो डाव मोडला. नव्या छत्रपतींनी कारभाऱ्यांना आधी माफ केलं, अण्णाजींना पुन्हा कामावर घेतलं. वर्षभराने दुसरा कट उघडकीस आला तेव्हा मात्र माफी नव्हती. १६८१ मध्ये अण्णाजी दत्तो मारले गेले, हिरोजी फर्जंद मारले गेले, आणि त्यांच्याबरोबर बाळाजी आवजी चिटणीसही. महाराजांची पत्रं ज्यांच्या अक्षरात उतरली तेच हे बाळाजी.

बाळाजींचे चिरंजीव खंडो बल्लाळ. ज्या राजाच्या हुकमाने बाप गेला त्याच राजाच्या सेवेत ते राहिले, त्याच्यामागून राजारामांना जिंजीपर्यंत नेण्यात आणि तिथून सोडवून आणण्यात राबले. मराठी इतिहासात क्षमेचं याहून मोठं उदाहरण सापडणं कठीण. ही क्षमा अपराध ज्याच्या घरावर कोसळला त्याने दिली होती. तो हक्क त्याचाच होता.

आता काळाने घातलेली गाठ पाहा. याच घराण्यात पुढे मल्हार रामराव चिटणीस झाले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साताऱ्याच्या छत्रपतींच्या पदरी असताना त्यांनी बखर लिहिली. संभाजीराजांच्या मृत्यूला तेव्हा सव्वाशे वर्षं होत आली होती. त्या बखरीतला संभाजी रागीट, व्यसनी, बाईलवेडा, कलुषा कब्जीच्या आहारी गेलेला आहे. खंडो बल्लाळांनी जे पोटात घातलं ते वंशजाच्या लेखणीने बाहेर काढलं, असं वाटावं इतकं ते चित्र काळं आहे. सूड हाच हेतू होता असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण परिणाम झाला. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं जो कुणी संभाजीराजांवर लिहायला बसला, त्याच्या टेबलावर ही बखर होती.

राम गणेश गडकऱ्यांच्याही टेबलावर होती. ‘राजसंन्यास’ हे त्यांचं पुरं न झालेलं नाटक. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गडकरी वारले तेव्हा त्यांचं वय जेमतेम तेहतीस होतं. नाटकातले संभाजीराजे तुळशीच्या मोहात राज्य विसरतात आणि अखेरीस पश्चात्तापात जळतात. भाषा अशी की वाचणाऱ्याचा श्वास अडावा. गडकऱ्यांनी राजाला मोठं शोकनाट्य द्यायचं ठरवलं, आणि शोकनाट्याला नायकाचा दोष लागतो. तो दोष त्यांनी बखरीतून उचलला. तुळशीला इतिहासाचा आधार नाही. पण प्रतिभेचं बळ एवढं, की शाळेच्या स्नेहसंमेलनांतून, नाट्यस्पर्धांतून, तोंडपाठ स्वगतांतून हा संभाजी मराठी माणसाच्या डोक्यात घर करून बसला. सामान्य लेखकाची चूक त्याच्याबरोबर जाते. गडकऱ्यांसारख्याची चूक दोन-तीन पिढ्या पुरते. म्हणून मोठ्या कलावंताला त्याच्या मोठेपणासाठी सूट द्यावी, हा युक्तिवाद पटण्यासारखा नाही. उलट त्याचा हिशेब जास्त काळजीने मांडायला हवा.

हिशेब मांडला वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी. देशोदेशीची दफ्तरं, मोगली आणि पोर्तुगीज कागद, इंग्रजी वखारींची पत्रं असं सगळं उपसून १९६० साली त्यांनी ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा ग्रंथ सिद्ध केला. एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी नऊ वर्षं झुंजणारा, ‘बुधभूषण’सारखा संस्कृत ग्रंथ रचणारा राजा त्यातून उभा राहिला. कमल गोखल्यांनी पुढे ‘शिवपुत्र संभाजी’ लिहिलं. हे काम झालं शांतपणे, कागद समोर ठेवून. त्यासाठी कुठली तोडफोड करावी लागली नाही.

१९६२ साली या कथेतल्या दोन घटना एकाच वर्षात घडल्या. पुण्यातल्या संभाजी उद्यानात गडकऱ्यांचा अर्धपुतळा बसला. आणि वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आलं. कानेटकरांचे संभाजीराजे बापाच्या मायेला आसुसलेले, घायाळ, हट्टी आहेत. डॉ. काशिनाथ घाणेकरांनी ती भूमिका अशी केली की प्रेक्षकांना त्या मुलाचा राग येईना, त्याच्यासाठी जीव तुटू लागला. ज्या समाजाने संभाजीराजांना दीडशे वर्षं दोषी धरलं होतं, त्याने नाट्यगृहात बसून, टाळ्या वाजवत, तो निकाल फिरवायला सुरुवात केली. घाणेकर स्वतःही प्रेक्षकांच्या माफीवर जगले. दारू, उशिरा येणं, रखडलेले प्रयोग हे सगळं त्यांच्या पत्नी कांचन घाणेकर यांनी ‘नाथ हा माझा’मध्ये मोकळेपणाने लिहिलं आहे. पडदा वर गेला की लोक सारं विसरत. त्या विसरण्याने घाणेकरांचं भलं झालं का? आयुष्याच्या शेवटाकडे पाहिलं तर नाही, असंच म्हणावं लागतं. प्रेक्षकांनी थोडं कमी लाडावलं असतं तर तो नट कदाचित जास्त जगला असता.

पुतळ्याचं पुढे काय झालं ते सर्वांना आठवत असेल. ३ जानेवारी २०१७ च्या पहाटे संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी तो उखडला आणि मुठेत टाकला. कारण ‘राजसंन्यास’. नाटककार जाऊन अठ्ठ्याण्णव वर्षं झाली होती. साहित्यिकांनी निषेध केला, नटांनी केला. पण त्या निषेधात एक उणीव होती, ती बोलून दाखवायला हवी. ‘राजसंन्यास’मधलं चित्रण चुकीचं आहे आणि ते अनेकांच्या जिव्हारी लागतं, हे फार थोड्यांनी स्पष्ट शब्दांत मान्य केलं. बहुतेकांनी गडकऱ्यांची थोरवी सांगितली. दुखावलेल्याला दुसऱ्याची थोरवी ऐकवणं हे उत्तर नाही. तसंच मेलेल्या लेखकाचा पुतळा अंधारात नदीत बुडवणं हाही न्याय नाही. त्याने ‘राजसंन्यास’मधलं एक वाक्यही दुरुस्त झालं नाही.

हाच वाद खुद्द रायगडावर, महाराजांच्या समाधीशेजारी, दगडात उभा आहे. स्वामीच्या चितेत उडी घेतल्याची कथा सांगितली जाते त्या वाघ्या कुत्र्याचं शिल्प १९३६ च्या सुमारास इंदूरच्या होळकरांच्या देणगीतून उभं राहिलं. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं असं की ही कथा गडकऱ्यांच्या नाटकातून पसरली, समकालीन कागदात तिला आधार नाही. काही वर्षांपूर्वी हे शिल्पही कार्यकर्त्यांनी हलवलं होतं आणि ते पुन्हा बसवण्यात आलं. २०२५ च्या मार्चमध्ये माजी खासदार संभाजीराजे छत्रपतींनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून ते ३१ मेपर्यंत हटवण्याची मागणी केली. शिल्प राहावं म्हणणारेही तितक्याच जोराने पुढे आले. गडावर येणारं पोर मात्र वाघ्याजवळ थांबतं, फोटो काढतं आणि ती कथा खरी समजून खाली उतरतं. त्या चौथऱ्यावर पुरावा काय आहे आणि काय नाही हे सांगणारी चार ओळींची पाटी लावली तर कुणाचं काय बिघडेल? होळकरांची भक्तीही तिथे राहील आणि इतिहासही.

चुकीच्या ग्रंथाला उत्तर कसं द्यावं, हे शिकायला गडावरून खाली महाडात उतरलं तरी पुरे.

१९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं अस्पृश्यांसह सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आलेल्या हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. ही परिषद उभी करण्यात महाड तालुक्यातल्याच लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे यांचे कष्ट होते. गावातले सुरबानाना टिपणीस सोबत होते. परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या माणसांवर सनातन्यांनी हल्ला केला. आंबेडकरांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. हल्लेखोरांवर खटला झाला, पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. माफी नाही, सूडही नाही. कायदा.

मग गावातल्या सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दही, दूध यांच्या एकशे आठ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. याच तालुक्यात अडीचशे वर्षांपूर्वी शुद्धीचा विधी एका माणसाला आत घेण्यासाठी झाला होता; आता तो माणसांना बाहेर ठेवण्यासाठी झाला. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. अपराध करणाऱ्यानेच अपमानितांना अपराधी ठरवून शुद्धी करून घ्यायची, याहून मोठं उलटं प्रायश्चित्त दुसरं नसेल.

त्याचं उत्तर २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री आलं. महाडच्या परिषदेत गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडला. सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण, ठराव मांडला भर सभेत. ग्रंथातल्या कोणत्या वचनांनी माणसांवर काय लादलं ते तिथे बोललं गेलं, ठराव संमत झाला, आणि मंडपासमोर खणलेल्या वेदीत ग्रंथ जाळला गेला. तीही रात्रच होती, पण कुणी तोंड लपवलं नव्हतं. जाळलेली प्रत स्वतःची होती. कुणाची वाचनालयं फुटली नाहीत. तळ्याचा दावा तर पुढे दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आंबेडकरांच्या बाजूने संपला. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी आपली नावं सांगून, कारणं देऊन, लोकांसमोर नकार दिला. २००४ च्या जानेवारीत जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाच्या रागातून पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, जुन्या पोथ्या-वस्तूंची नासधूस झाली. महाडच्या वेदीशी त्या दिवसाची तुलना कुणी करू नये.

नकार असा उघडपणे देता येतो आणि ऐकणंही उघडपणे करता येतं. ज्यूद्वेष्ट्या जर्मन संगीतकार वॅग्नरचं संगीत इस्रायलमधले मोठे वाद्यवृंद १९३८ पासून वाजवत नव्हते. ७ जुलै २००१ रोजी जेरुसलेममध्ये वाद्यवृंदाचे संचालक डॅनिएल बारेनबॉइम यांनी कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांनाच विचारलं, वाजवू का? अर्धा तास सभागृहात भांडण झालं. काही उठून गेले, दारं आपटून गेले. बाकीच्यांनी ऐकलं. बारेनबॉइम यांनी वॅग्नरला निर्दोष ठरवलं नाही आणि उठून जाणाऱ्यांना अडवलंही नाही. ‘राजसंन्यास’चा प्रयोग कुणी पुन्हा करणार असेल तर तो असाच व्हावा: आधी बेंद्र्यांनी काय शोधलं ते सांगून, मग गडकऱ्यांची भाषा ऐकवून, आणि ज्याला सहन होत नाही त्याला आदराने वाट करून देऊन.

ज्याला कुठलीच सुनावणी मिळाली नाही असाही एक माणूस रायगडाच्या नावाशी बांधलेला आहे. १६८९ च्या नोव्हेंबरात गड मोगल सरदार इतिकदखानाच्या हाती पडला. महाराणी येसूबाई आणि बाळ शाहू कैदेत गेले. वाईच्या देशमुखीच्या लोभाने सूर्याजी पिसाळाने गड दिला, अशी परंपरा. महिनोन्‌महिने वेढलेला, बाहेरून मदत न उरलेला किल्ला येसूबाईंनी वाटाघाटी करून सोडला, असं काही इतिहासकारांचं मत. पण मराठी बोलीत सूर्याजीचं नाव शिवी होऊन बसलं आहे. नेतोजींना प्रायश्चित्त मिळालं, संभाजीराजांना बेंद्रे मिळाले. सूर्याजीचे कागद कुणीतरी तेवढ्याच निगुतीने चाळायला हवेत. मग निकाल त्याच्याविरुद्ध गेला तरी चालेल.

जिवंत कलावंताचं प्रकरण सर्वांत ताजं आहे. १४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ चित्रपट आला. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट गावोगाव गर्दीत चालला. प्रदर्शनाआधीच लेझीमच्या दृश्यावर आक्षेप आला तेव्हा दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढून टाकलं. मग शिर्के घराण्याच्या वंशजांनी तक्रार केली, की गणोजी आणि कान्होजी यांना संभाजीराजांना पकडून देणारे म्हणून दाखवून अख्ख्या घराण्याला कलंक लावला. उतेकरांनी फोन करून माफी मागितली आणि सांगितलं, की चित्रपटात आडनाव किंवा गाव कुठेही घेतलेलं नाही. हे त्यांनी स्वतः बोलून सांगितलं, ही मोलाची गोष्ट. गडकऱ्यांना ती संधी मृत्यूने दिली नाही. पण मराठी प्रेक्षकाला गणोजी म्हटलं की शिर्के आपोआप ऐकू येतं, आणि चित्रपटातला प्रसंग आहे तसाच राहिला. शिर्के मंडळींनी मागितला होता तो पुरावा. गणोजींविषयीचे मूळ कागद कोणते, त्यांतले समकालीन किती आणि मागाहून लिहिलेले किती, हे एका ठिकाणी मांडून निर्मात्यांनी छापलं असतं, तर त्या घरच्या पोराला शाळेत चार जणांसमोर बोट ठेवायला काहीतरी मिळालं असतं. ते काम अजूनही करता येण्यासारखं आहे.